सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर पहिल्यांदा खेळताय? डावीकडे मारायचं की उजवीकडे, आणि का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात गोल्फ खेळता, हँडिकॅप १८ (म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा, पारपेक्षा, साधारण १८ जास्त लागतात), सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा टी टाइम (खेळायची वेळ) मिळालाय, व्हिडिओ बघितले तर सगळं सपाट माळरान दिसतं, ना झाडं ना तळी, फेअरवे (मधली कापलेल्या गवताची पट्टी) इतके रुंद की चुकायला जागाच नाही, आणि जो तो सांगतो ‘डावीकडे मार’. मग एवढं कौतुक कशाचं, आणि खरंच नुसतं डावीकडे मारत राहिलं तर चालेल का.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. पुण्यात पंधरा-सोळा वर्षं खेळलो, मग नोकरीमुळे डंडीला आलो, तिथून सेंट अँड्र्यूज गाडीने अर्ध्या तासावर. गेल्या बारा वर्षांत ओल्ड कोर्सवर साठेक राउंड झाले असतील, आणि पुण्या-मुंबईची मित्रमंडळी आली की त्यांची बॅग घेऊन चाललोय तेही बऱ्याचदा. त्यामुळे आपल्याकडून येणारा माणूस नेमका कुठे फसतो ते जवळून बघितलंय. माझ्या मते तुमची खरी अडचण डावं-उजवं ही नाहीच. हा कोर्स टीवर (जिथून होलचा पहिला फटका मारतात तिथे) उभं राहून वाचता येत नाही, ही अडचण आहे. तो ग्रीनकडून (भोकाभोवतीच्या बारीक गवताकडून) मागे वाचावा लागतो, आणि असं का ते त्याचा इतिहास कळल्याशिवाय डोक्यात बसत नाही. म्हणून आधी इतिहास, कंटाळू नका, पुढे प्रत्येक शॉटला तो उपयोगी पडतो.

हा कोर्स कुणी एका माणसाने बसून आखलेला नाही. पायवाट जशी लोकांच्या चालण्याने पडते तसा तो खेळण्याने पडलाय. समुद्र आणि शेती यांच्यामध्ये वाळूची, गवताची, कशाच्याच कामाची नाही अशी जी पट्टी असते तिला तिकडे लिंक्स म्हणतात. गुरं चरायची, ससे बिळं करायचे आणि लोक खेळायचे. १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या राजाने, दुसऱ्या जेम्सने, गोल्फवर बंदी घातली होती कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हेच खेळत बसायचे, म्हणजे तेव्हाही खूळ केवढं होतं बघा. १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टनच्या सनदेत त्याला लिंक्सवर ससे पाळायची परवानगी मिळाली पण गावकऱ्यांचा तिथे खेळायचा हक्क मात्र राखून ठेवला गेला. पुढे १७९७ मध्ये नगरपालिका कर्जात बुडाली, जमीन हातची गेली, सशांचा धंदा करणारे आले, आणि गोल्फवाले विरुद्ध ससेवाले असं भांडण वीस-बावीस वर्षं चाललं. शेवटी १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने ती जमीन विकत घेतली आणि गोल्फ वाचला. दुसऱ्या होलला डाव्या बाजूला जो चीप्स बंकर (बंकर म्हणजे वाळूचा खड्डा) लागेल ना, तो याच घराण्याच्या नावाचा. आजही हा कोर्स कुणाच्या खासगी क्लबचा नाही, १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेला ट्रस्ट तो सांभाळतो. म्हणून तर तुम्हाआम्हाला तिथे खेळता येतं, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता तुमच्या कामाचा भाग. सुरुवातीला गॉर्सच्या काटेरी झुडपांमधून जाणारी एकच अरुंद पट्टी होती. गावापासून निघायचं, एकेक होल खेळत ईडन नदीच्या मुखाच्या दिशेने जायचं, आणि वळून त्याच होलवरून गावाकडे परत यायचं. असे जाऊन-येऊन २२ होल व्हायचे. १७६४ मध्ये सुरुवातीचे चार फारच सोपे म्हणून त्यांचे दोन केले, तेच येतानाही कमी झाले, आणि २२ चे १८ झाले. जगभर आज जे १८ होल खेळतात त्याचं मूळ हे एवढंच.

पुढे १८४८ च्या सुमाराला गटापर्चाचा बॉल आला. आधीचे पिसं भरलेले कातडी बॉल महाग होते, हा स्वस्त, त्यामुळे गर्दी वाढली. एकाच होलवर जाणारे आणि येणारे समोरासमोर यायला लागले. मग काय, झुडपं तोडून पट्टी रुंद केली, ग्रीन रुंद केली आणि एका ग्रीनवर दोन होल पाडले, जाणाऱ्यांना पांढरा झेंडा, येणाऱ्यांना लाल. या रुंदीकरणात अ‍ॅलन रॉबर्टसनचा मोठा हात, सतराव्याच्या त्या कुप्रसिद्ध ग्रीनचं श्रेयही त्यालाच देतात. त्याच्यानंतर ओल्ड टॉम मॉरिसने जवळपास चार दशकं कोर्स सांभाळला, पहिलं आणि अठरावं ग्रीन त्याने केलं. आज सात डबल ग्रीन आहेत, २ आणि १६ एकत्र, ३ आणि १५, ४ आणि १४ असं करत ८ आणि १० पर्यंत, बेरीज दरवेळी १८ च येते. फक्त १, ९, १७ आणि १८ ला स्वतःचं ग्रीन आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: पूर्वी हा कोर्स उलट्या बाजूने खेळायचे. पहिल्या टीवरून सतराव्याच्या ग्रीनवर मारायचं, मग अठराव्याच्या टीवरून सोळाव्याच्या ग्रीनवर, असं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. टॉम मॉरिसने १८७० च्या सुमाराला पहिलं ग्रीन वेगळं केल्यावर आजच्या दिशेने खेळणं सोयीचं झालं, आणि मग बरीच वर्षं आलटून पालटून दोन्ही दिशांनी खेळायचे. म्हणजे तिथले जे शंभरावर बंकर आहेत त्यातले कितीतरी तुमच्यासाठी नाहीतच, समोरून येणाऱ्या माणसासाठी आहेत.

हे मला कसं कळलं ते सांगतो. माझा पहिलाच राउंड, बारावा होल, साडेतीनशे यार्डच्या आतबाहेरचा पार चार (म्हणजे चार फटक्यांत संपवायचा), टीवरून समोर नुसतं हिरवं मैदान, काही म्हणजे काही दिसत नाही. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी, म्हणजे क्लब) काढला, मनासारखा बसला, बॉल बरोब्बर मधोमध. चालत गेलो तर बॉल नाही. माझा कॅडी (बॅग उचलणारा, सल्ला देणारा), सत्तरीच्या पुढचे आजोबा, काही न बोलता बॅग घेऊन पुढे गेले आणि एका खड्ड्याच्या कडेला उभे राहिले. खाली बंकर, त्याची टीकडची कड जमिनीत इतकी मिसळलेली की मागून दिसूच नये, आणि माझा बॉल मातीच्या थरांच्या भिंतीला चिकटून. मी आडवा मारून बाहेर काढला, कसाबसा ग्रीनवर आलो, तेव्हा ते म्हणाले, आता मागे वळून बघ. बघितलं तर फेअरवेतले सगळे बंकर तोंड उघडे करून माझ्याकडे बघत होते. त्या बाजूने येणाऱ्याला सगळे लख्ख दिसतात. त्यानंतर मी कधी टीवर उभा राहून ‘समोर मोकळं आहे’ असं म्हटलेलं नाही.

तर तुमच्या प्रश्नावर. डावीकडे मारा हे खरं का? अर्धं खरं. आजच्या दिशेत जाताना तुमच्या उजवीकडे गॉर्स आणि डावीकडे परतीच्या होलची मोकळी जागा, येतानाही उजवीकडे हद्द आणि डावीकडे जाणाऱ्यांची जागा. म्हणजे डावीकडे बॉल बहुतेक हरवत नाही. पण डावीकडून ग्रीनकडे बघितलं की पिन (भोकातला झेंडा) बहुतेक वेळा एखाद्या बंकरच्या किंवा उंचवट्याच्या मागे असते, आणि उजवीकडून, जिथे धोका आहे तिथून, ग्रीन उघडं दिसतं. जेवढी जोखीम टीवर घ्याल तेवढा पुढचा शॉट सोपा, हे गणित आहे. कोर्स आखणाऱ्या अ‍ॅलिस्टर मॅकेन्झीने १९२४ मध्ये या कोर्सचा सविस्तर नकाशा काढला आणि नंतर अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्सबरोबर तिकडचा ऑगस्टा नॅशनल कोर्स आखताना हाच विचार तिकडे नेला, रुंद जागा द्यायची पण बरोबर जागा त्यातली थोडीच.

तुम्ही १८ हँडिकॅपचे, म्हणून माझा सल्ला असा: पिन ग्रीनच्या डाव्या भागात आणि बंकरच्या मागे असेल तर तिचा नाद सोडा, डावीकडे खेळा, ग्रीनच्या मध्यावर आणा आणि दोन पटमध्ये (पट म्हणजे ग्रीनवर बॉल घरंगळवणारा हलका फटका) होल संपवा. पिन उघडी असेल आणि वारा साथ देत असेल तेव्हाच फेअरवेच्या उजव्या भागाचा विचार करा. पिन रोज बदलते आणि वारा तर एका राउंडमध्येही बदलतो, त्यामुळे अमुक होलला अमुक क्लब असं मी लिहून देऊ शकत नाही, कुणी दिलं तर विश्वास ठेवू नका. कॅडी मात्र घ्या. पैसे कुठे वाचवायचे तिथे वाचवा, इथे नको.

होल एकेक करून सगळे सांगत नाही, जिथे घात होतो तेवढे सांगतो.

पहिल्या टीवर हात थरथरणार, मागे क्लबहाउस, बाजूला लोक उभे. फेअरवे अठराव्याला जोडून असल्यामुळे सव्वाशे यार्डांहून रुंद आहे, ओबी (हद्दीबाहेर) उजवीकडे, म्हणून ड्रायव्हर नको, हायब्रिड (त्याहून आखूड मारणारा क्लब) डावीकडे. खरी परीक्षा दुसऱ्या शॉटला आहे, ग्रीनला अगदी खेटून स्विल्कन बर्न नावाचा ओढा वाहतो आणि पिन त्याच्याजवळ असली की मोह होतो. एक क्लब जास्त, म्हणजे थोडा लांब मारणारा, घ्या. ग्रीनच्या मागे गेलात तर काही बिघडत नाही, पुढे कमी पडलात तर पाण्यात. आमच्यातले दहातले सात जण इथे कमी पडतात.

दुसरा ते चौथा उजवीकडच्या गॉर्सपासून लांब राहा, बस. पाचवा पार पाच, ग्रीनच्या अलीकडे स्पेक्टॅकल्स नावाचे दोन बंकर चष्म्यासारखे बसलेत. तेराव्याबरोबरचं हे ग्रीन समोरून मागेपर्यंत जवळपास शंभर यार्ड आहे, म्हणजे पिन पुढे का मागे यावर तीन-चार क्लबचा फरक पडतो. आधी पिन कुठे आहे ते बघा, मग अंतर मोजा.

सातव्यापासून अकराव्यापर्यंत कोर्स वळसा घेतो, त्याला लूप म्हणतात, सातवा आणि अकरावा एकमेकांना छेदून जातात म्हणून तिथे थांबून बघून मारा. स्कोअर सावरायचा तर इथेच, आठवा ते दहावा त्यातल्या त्यात सोपे.

अकरावा मात्र पार तीन असूनही मला सगळ्यात अवघड वाटतो. साधारण पावणेदोनशे यार्ड, मागे ईडनचं पात्र, ग्रीन मागून पुढे चांगलंच उतरतं, डावीकडे हिल बंकर, समोर उजवीकडे स्ट्रॅथ. १९२१ च्या ओपनमध्ये (ब्रिटिश ओपन ही मोठी स्पर्धा) तरुण बॉबी जोन्स इथल्या हिल बंकरमध्ये अडकला आणि तिसरा राउंड तिथेच सोडून दिला. पुढे त्याच माणसाने १९२७ ची ओपन इथेच जिंकली आणि १९५८ मध्ये गावाने त्याला नागरिकत्वाचा मान दिला. तुम्ही इथे पिनच्या खाली राहा, ग्रीनच्या पुढे थोडे कमी पडलात तरी चालेल. वरून खाली पट करायची वेळ आली तर बॉल ग्रीनवरून खाली निघून जातो, मी दोनदा बघितलंय.

बाराव्याचं सांगितलंच. चौदावा लांबलचक पार पाच, उजवीकडे भिंत म्हणजे ओबी, डावीकडे बिअर्डीज नावाचे बंकर, मधल्या सपाट भागाला एलिशियन फील्ड्स म्हणतात, आणि पुढे ग्रीनच्या शंभरेक यार्ड अलीकडे हेल बंकर. नाव उगाच नाही, १९९५ मध्ये जॅक निकलससारखा माणूस, इथे दोन ओपन जिंकलेला, या होलला १० घेऊन गेला. दुसरा शॉट हेलवरून मारायचा हट्ट करू नका, डावीकडे पाचव्याच्या फेअरवेवर मारा, लांब पडेल पण जिवंत राहाल. सोळाव्याला फेअरवेत प्रिन्सिपल्स नोज, उजवीकडे ओबी, पुन्हा डावीकडेच.

सतरावा, रोड होल. पूर्वी इथे रेल्वेच्या काळ्या शेड होत्या, रेल्वे १९६९ ला बंद पडली, आता हॉटेलच्या आवारात त्याच आकाराचं बांधकाम आहे आणि टी शॉट त्याच्यावरून, आंधळा. भिंतीवर हॉटेलच्या नावाची अक्षरं आहेत, कॅडी सांगेल कुठल्या अक्षरावरून. ओपनमध्ये हा ४९५ यार्ड आणि पार चार, तुमची टी पुढे असेल. ग्रीन तिरकं आणि अरुंद, डाव्या बाजूला कुशीत रोड बंकर, मागे डांबरी रस्ता आणि त्यापलीकडे दगडी भिंत. रस्ता हा कोर्सचाच भाग आहे, फुकट ड्रॉप नाही, पडला तिथून खेळायचं. १९७८ मध्ये त्सुनेयुकी नाकाजिमा दोन शॉटमध्ये ग्रीनवर होता, पट केला तो घरंगळत बंकरमध्ये गेला आणि शेवटी ९ झाले. १९८४ मध्ये टॉम वॉटसनचा दुसरा शॉट रस्त्यापलीकडे भिंतीपाशी गेला आणि ओपन बॅलेस्टेरॉसने नेली. म्हणून आपण हा पार पाच धरायचा. दुसरा शॉट ग्रीनच्या पुढे उजवीकडे थांबवायचा, तिथून पटरने (पट मारायच्या क्लबने) वर चढवायचा. २०२२ मध्ये कॅमेरॉन स्मिथ शेवटच्या दिवशी बंकरच्या अलीकडे अडकला होता, त्याने वरून उचलून मारायच्या भानगडीत न पडता पटरने बॉल बंकरला वळसा घालून नेला, पार वाचवला आणि एका शॉटने जिंकला. जगातला इतका मोठा खेळाडू तिथे पटर काढतो, हे लक्षात ठेवा.

अठराव्याला ड्रायव्हर मारा, डावीकडे क्लबहाउसच्या घड्याळावर रोख ठेवा, उजवीकडे रस्ता म्हणजे ओबी. ग्रीनच्या पुढे व्हॅली ऑफ सिन नावाची खोलगट जागा आहे, इथेही एक क्लब जास्त.

आता सराव, कारण तुमच्या हातात दोनेक महिने आहेत आणि व्हिडिओवाले सगळे ड्रायव्हरवर बोलतात. आपल्याकडे पावसाळ्यात ग्रीन भिजलेलं असतं, बॉल उंच मारला की पडतो तिथे थांबतो, आपल्या हाताला तीच सवय. तिथे खाली वाळू, वर बारीक कडक गवत, बॉल पडून वीस-तीस यार्ड पळतो. म्हणून वेजने उंच उडवायची सवय दोन महिने बाजूला ठेवा. पुण्यात एखादा कोरडा टणक भाग शोधा, नसेल तर रेंजच्या कडेची आपटून घट्ट झालेली जमीनही चालेल, आणि ग्रीनच्या बाहेर वीस-तीस यार्डांवरून पटरने आणि सात नंबर आयर्नने बॉल जमिनीवरून पळवा. दुसरं म्हणजे लांबचे पट, तीस-चाळीस पावलांचे, तिथे ग्रीन इतकी मोठी आहेत की दर राउंडला असे सात-आठ येतातच. पाहुण्यांचे शॉट मी मोजलेत, ड्रायव्हरने जेवढे जातात त्याच्या दुप्पट एकाच ग्रीनवर तीन-तीनदा पट मारण्यात जातात. तिसरं, वाऱ्यासाठी बॉल थोडा मागच्या पायाकडे ठेवून पाऊण स्विंगने खाली ठेवायचा शॉट. आणि बंकरमध्ये गेलात तर त्या मातीच्या थरांच्या भिंतीशी झुंजू नका, आडवं किंवा मागे, जिकडे बाहेर निघेल तिकडे मारा. टायगर वुड्सने २००० साली इथे १९ अंडर (पारपेक्षा १९ फटके कमी) मारून आठ शॉटने ओपन जिंकली तेव्हा चारही दिवसांत त्याचा बॉल एकाही बंकरमध्ये गेला नाही. अंतर तर त्याच्याकडे होतंच, पण त्याने ती आठवडाभराची मेहनत बंकर टाळण्यावर घातली होती.

म्हणजे क्रम असा ठेवा: पिन कुठे, वारा कुठून, त्या पिनला कुठून जाणं सोपं, आणि तिथे टीवरून पोचायला कुठला क्लब, या उलट्या क्रमाने. तिथे सगळं चालतच खेळतात, त्यामुळे हा विचार करायला वेळही भरपूर मिळतो.

एक शेवटचं, जमलं तर तुमच्या टी टाइमच्या आधीच्या रविवारी पोचा. मोठी स्पर्धा नसेल तर रविवारी कोर्स खेळाला बंद असतो आणि गावातले लोक कुत्री, पोरंबाळं घेऊन फेअरवेवर फिरायला येतात, कुणीही जाऊ शकतं. अठराव्याच्या ग्रीनवरून सुरू करा आणि सगळा कोर्स उलटा चालत जा, सतरा, सोळा, पंधरा. बाराव्याच्या ग्रीनपाशी पोचलात की थांबा आणि टीकडे बघा, त्या आजोबांनी मला दाखवलेले सगळे बंकर तुम्हाला तिथून मोजता येतील.